लोखंडी रस्ता मुंबईच्या गळी कसा उतरला?

आपल्या स्मरणिकेच्या दरवर्षीच्या अंकात नामदार जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपल्या सर्वांचे नाना, यांजवर एक तरी लेख असतोच. आणि तो असणे योग्यच आहे. दैवज्ञ ज्ञातीत जन्मलेल्या या पुरुषाने मुंबईच्या शिक्षणासाठी, नगरसुधारणेसाठी व राजकीय जागृतीसाठी काय केले हे आपल्या घरांतील मुलांनासुद्धा पाठ आहे. परंतु आजवरचे हे लेख वाचताना आम्हांस एक गोष्ट खटकत आली आहे. नानांच्या शाळांविषयी दोन पाने, बाँबे असोसिएशनविषयी एक पान, आणि आगगाडीविषयी मात्र एकच वाक्य असते : "हिंदुस्थानात आगगाडी आणण्यात नानांचा सिंहाचा वाटा होता." बस्स! तो वाटा नेमका कोणता, तो कसा उचलला गेला, आणि ज्यांनी आयुष्यात कधी आगगाडी पाहिली नव्हती अशा सावध व्यापाऱ्यांना लोखंडाच्या रुळांवर पैसा लावण्यास कोणी व कसे राजी केले, हे कोणी सांगत नाही. आम्ही आयुष्यभर शाळेत मुलांना इतिहास शिकविला, तेव्हा आम्हीही तेच एक वाक्य फळ्यावर लिहीत होतो, ही कबुली प्रथमच दिलेली बरी.

यंदा संपादक मंडळींनी लेख मागितला तेव्हा या एका वाक्याची फोड करावी असे मनात आले. त्यास एक घरगुती निमित्तही घडले आहे. ते शेवटी सांगू.

प्रथम त्या काळच्या मुंबईकडे पाहू. आगगाडी १८५३ साली एकाएकी आकाशातून पडली, अशी आपली समजूत असते. वस्तुतः वाफेच्या यंत्राशी मुंबईची ओळख त्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे हळूहळू होत आली होती. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी ती येथून सुएझकडे निघून सुमारे एका महिन्यात तेथे पोहोचली. वाऱ्याची वाट न पाहता जहाज जाते, हे बंदरावरच्या हमालापासून पेढीवरच्या शेटजीपर्यंत सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. गोदी बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशिर करसेटजी यांनी तर वाफेच्या यंत्राचा ध्यासच घेतला होता. त्यांनी लहानसे यंत्र स्वतः तयार केले, 'इंडस' या आगबोटीत यंत्र बसविले, आणि १८३४ साली आपल्या माझगावच्या घरी धुराचे दिवे, ज्यांना पुढे लोक गॅसचे दिवे म्हणू लागले ते, लावून दाखविले. ते पाहावयास खुद्द गव्हर्नर गेले होते. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढे १८४५ च्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर आगबोटी चालविणारी बाँबे स्टीम नेव्हिगेशन कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत आपले नानाही होते.

हा तपशील आम्ही मुद्दाम दिला. आगगाडीचा विषय पेढीवर निघाला तेव्हा 'वाफ' हा शब्द मुंबईच्या व्यापाऱ्यास नवा नव्हता. वाफेच्या बोटीत त्याने पैसा गुंतविला होता, वाफेच्या बोटीने त्याचा माल गेला होता. नवे एवढेच होते की हीच वाफ आता जमिनीवर चालावयाची होती.

आता जमिनीवरची अवस्था पाहा. वऱ्हाडचा कापूस ही त्या काळची खरी दौलत. पण तो मुंबईच्या बंदरात आणावयाचा तर बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे तांडे अमरावतीकडून निघत आणि थळघाटाने खाली कोकणात उतरत. काही कापूस तर मुंबईकडे न येता उलट दिशेस, सुमारे पाचशे मैल, गंगेकाठच्या मिर्झापुरास जाई. वाटेत धूळ, वाटेत पाऊस. गोणी भिजली की कापूस कुजला. बोरघाटात सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० साली गाडीरस्ता झाला, त्याने पुण्याकडचा माल सुधारला. तरी बैल तो बैल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील सर्वांत मोठे दुखणे भाड्याचे नव्हते. माल महिनोन् महिने वाटेत असे, आणि तितके दिवस त्याचे भांडवल अडकून पडे. आज आपल्या पेढीवर एखाद्या गिऱ्हाइकाने दागिना घडवावयास टाकून चार महिने उचललाच नाही तर मनाची जी तगमग होते, तीच ही तगमग, फक्त लाखांच्या हिशेबाने!

अशा वेळी, १८४३ मध्ये, मुंबई सरकारचे इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे भांडुपला गेले असता त्यांच्या मनात असे आले की, मुंबईहून कुर्ला, ठाणे, कल्याण करीत घाटांच्या पायथ्यापर्यंत लोखंडी रस्ता न्यावा. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्लार्क यांनी "हिंदुस्थानभर रेल्वे करू" असे म्हटले नाही. समोर दिसणारा, सर्वांच्या ओळखीचा रस्ता त्यांनी सुचविला. कल्याणला कोण गेले नव्हते? १८४४-४५ मध्ये मुंबईतील गोऱ्या व हिंदी व्यापाऱ्यांची या कामी मंडळी जमली, सभा भरल्या, टाऊन हॉलात ठराव झाले. सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना शंकरशेट यांची नावे आपल्याला प्रथम दिसतात ती याच वेळी.

इकडे हे चालले असता तिकडे विलायतेत दुसरे एक गृहस्थ याच विचाराने पछाडलेले होते. त्यांचे नाव जॉन चॅपमन. लेस विणण्याची यंत्रे बनविण्याचा त्यांचा धंदा, तो बुडाला. नंतर लंडनच्या रस्त्यांवर धावणाऱ्या हॅन्सम घोडागाडीत त्यांनी सुधारणा केली. धंद्यात बुडालेला हा मनुष्य कर्त्या धनिकांच्या दारी रेल्वेची कल्पना घेऊन हिंडतो, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिला आपले वाडवडील 'जी. आय. पी.' म्हणत, ती कंपनी १८४५ मध्ये लंडनात उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. मुंबईची मंडळी तिला येऊन मिळाली, आणि कंपनीच्या आरंभीच्या संचालकांत हिंदी नावे दोनच होती : सर जमशेटजी आणि आपले नाना.

चॅपमन १८४५ मध्ये स्वतः मुंबईस आले. आल्याबरोबर त्यांनी व्याख्याने झोडली नाहीत. घाटांची पाहणी केली, रस्त्यावरून काय माल किती जातो याची माहिती गोळा केली, इंजिनियरांशी व व्यापाऱ्यांशी बोलून परत गेले. बंगालकडेही हाच क्रम दिसतो. तेथे मॅकडोनाल्ड स्टीफन्सन हे ईस्ट इंडियन रेल्वेचा प्रस्ताव घेऊन आले होते. त्यांनी कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना लेखी प्रश्न पाठवून त्यांची उत्तरे मिळविली आणि ती आपल्या अहवालात छापली. लंडनच्या साहेबासमोर ठेवावयाचे ते व्यापाऱ्याच्याच तोंडचे ठेवावे, ही त्यातील युक्ती. यांपैकी कोणी फार मोठा वक्ता होता असे दिसत नाही. पण ज्यास पटवावयाचे त्यास आधी विचारावे, एवढे ज्ञान दोघांपाशीही होते.

कारण खरा अडसर मुंबईत नव्हता. तो लंडनात ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळात होता. राज्य त्यांचे, जमीन त्यांची, आणि जामीनकीही त्यांनीच द्यावयाची. मे १८४५ मध्ये या संचालकांनी हिंदुस्थान सरकारास जो खलिता पाठविला तो वाचण्यासारखा आहे. हिंदुस्थानात रेल्वे का कठीण, याची सहा कारणे त्यांनी दिली होती. एक, ठराविक काळी कोसळणारा पाऊस आणि पूर. दोन, सोसाट्याचे वारे आणि डोक्यावर तळपणारा सूर्य. तीन, लाकडाला व मातीकामाला लागणारी वाळवी व इतर कीटक. चार, मातीच्या बांधावर व विटांच्या कामावर आपोआप माजणारी झाडी. पाच, ज्या मुलखातून रुळ जावयाचे तो कुंपण नसलेला, उघडा मुलूख. सहा, लायक व विश्वासू इंजिनियर मिळण्याची अडचण व त्यांचा खर्च. शिवाय त्यांना वाटत होते की, येथील लोक गरीब असल्याने उतारू थोडे मिळतील आणि जे काय उत्पन्न व्हावयाचे ते मालापासून होईल.

या यादीस आपल्याकडे बहुधा हसण्यावारी नेतात. वाळवीच्या भयाने साहेब घाबरला, असे आम्हीही एकदा वर्गात म्हणून मुलांस हसविले होते. आता विचार करता ते हसणे अन्यायाचे वाटते. यातील एकही प्रश्न खोटा नव्हता. कोकणातला आषाढ ज्याने पाहिला आहे त्याने पहिल्या प्रश्नास हसू नये, आणि ज्याच्या जुन्या वाड्याचा खांब वाळवीने आतून पोखरला त्याने तिसऱ्यास हसू नये. विरोधासाठी विरोध करणारा मनुष्य सहा प्रश्न वेगवेगळे करून लिहीत नाही. तो "होणार नाही" एवढेच म्हणतो. प्रश्नांची यादी येते ती मनाचे दार किलकिले झाले म्हणजे येते. आणि याच खलित्यात संचालकांनी पुढे असेही सुचविले होते की, एक जाणता इंजिनियर पाठवावा आणि त्याने बेताच्या लांबीचा एखादा रस्ता प्रयोग म्हणून सुचवावा. त्याप्रमाणे एफ. डब्ल्यू. सिम्स हे इंजिनियर आले. त्यांनी दोन सहकारी अधिकाऱ्यांसह या सहाही अडचणींचा एकेक करून विचार केला, आणि १८४६ मध्ये असा अभिप्राय दिला की, या अडचणी खऱ्या असल्या तरी बांधकामाच्या कौशल्याने त्या दूर होण्याजोग्या आहेत.

येथे आमच्या स्वतःच्या फजितीची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही एका गावी शाळेत नोकरीस असता, १९९८ च्या सुमारास, शाळेत संगणक घ्यावा असे आमच्या मनाने घेतले. गुणपत्रके, हजेरी, पगारपत्रक, ग्रंथालयाची नोंद, सर्व काही त्यावर कसे होईल याचा अकरा पानांचा मसुदा आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहून संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे ठेवला. मंडळींनी पहिले पान उलटले. अध्यक्ष भले गृहस्थ होते, त्यांनी विचारले, "गुरुजी, पावसाळ्यात आपल्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा पगारपत्रक कसे करायचे?" आम्हांस तो प्रश्न थट्टेचा वाटला. आम्ही रागाने गप्प बसलो, आणि विषय पाच मिनिटांत संपला. चार वर्षांनी शाळेच्या कारकुनाने आपल्या मुलाचा संगणक दोन दिवसांसाठी आणून फक्त सातवीच्या एका तुकडीचा निकाल त्यावर छापून दाखविला. पुढच्या सभेत मंडळींनी स्वतःच विषय काढला. कारकुनाने एक पानही मसुदा लिहिला नव्हता. अध्यक्षांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्यापाशी तयार होते : हाताने लिहिलेली वही चालूच ठेवू! सिम्स साहेबांचा अहवाल तेव्हा आम्ही वाचला असता तर आमची चार वर्षे वाचली असती.

असो. प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणून पैसा मिळतो असे नाही. १८४७ मध्ये विलायतेत मोठी व्यापारी मंदी आली, तेथील रेल्वेच्या शेअरांचा फुगा फुटला, आणि हिंदुस्थानच्या रेल्वेस भांडवल देण्यास कोणी पुढे येईना. वाटाघाटी लांबत गेल्या. अखेर १ ऑगस्ट १८४९ रोजी जी. आय. पी.चा कायदा पार्लमेंटात मंजूर झाला आणि १७ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. भांडवल पाच लाख पौंड, आणि काम कल्याणच्या दिशेने जाणारा केवळ पस्तीस मैलांच्या आसपासचा रस्ता. त्याला त्या वेळच्या कागदोपत्री 'प्रायोगिक' रस्ता असेच म्हणत. जमीन फुकट, मुदत नव्व्याण्णव वर्षे, आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी.

ही हमी म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. गाडीला नफा होवो वा न होवो, भागीदारास पाच टक्के मिळणारच. कमी पडेल ते सरकार भरून देणार. सावध माणसाच्या मनातली शेवटची भीती यामुळे गेली, यात शंका नाही. परंतु सरकार भरून देणार म्हणजे कोण? हिंदुस्थानची रयत. खर्च वाढला तरी व्याज ठरलेलेच, म्हणून पुढे बांधकामात काटकसर राहिली नाही, आणि तोट्याचा बोजा वर्षानुवर्षे येथील खजिन्यावर पडला. दादाभाई नवरोजी व रमेशचंद्र दत्त यांनी पुढे या हमीवर जी टीका केली ती यथार्थ होती. नव्या गोष्टीची भीती घालविण्यासाठी धोका वाटून घ्यावा हे खरे. पण येथे तो वाटला गेला नाही, एकाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला गेला, आणि त्या दुसऱ्यास कोणी विचारलेही नाही. आगगाडीचे गुणगान करताना आपल्या लेखांतून ही बाजू राहून जाते, म्हणून ती येथे नोंदवितो.

आता नानांचा वाटा. आपल्या ज्ञातीच्या अभिमानास थोडा मुरड घालून आम्ही लिहीत आहोत, याबद्दल वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. नानांनी रेल्वे बांधली नाही. ती जेम्स बर्कले या मुख्य इंजिनियराने, फॅव्हिएल व फाउलर या ठेकेदारांनी व हजारो अनाम मजुरांनी बांधली. भांडवलही बहुतांशी विलायतेतून आले. कल्पना क्लार्क व चॅपमन यांची. मग नानांचे काय? नानांची होती ती पत. त्यांच्या घराण्याची सचोटी अशी की, अरब व अफगाण व्यापारी आपले द्रव्य बँकेत ठेवण्यापेक्षा त्यांच्याकडे ठेवणे पसंत करीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. ज्या गावात पैसा माणसाच्या तोंडाकडे पाहून दिला जातो, त्या गावात परदेशी कंपनीच्या छापील पत्रकास कोण विचारतो? पण त्या पत्रकावर नानांचे नाव आहे, सर जमशेटजींचे नाव आहे, असे कळल्यावर काळबादेवीचा व्यापारी ते निदान वाचून पाही. नाना त्याच वेळी सरकारच्या शिक्षण मंडळात बसत, गोऱ्या अधिकाऱ्यांशी बरोबरीने बोलत. इकडची शंका तिकडे आणि तिकडची अट इकडे समजावून सांगणारा मनुष्य दोन्ही घरांत विश्वासाचा असावा लागतो. तसा मनुष्य हिंदू समाजात त्या वेळी मुंबईस नानांखेरीज दुसरा आम्हांस दिसत नाही. सिंहाचा वाटा म्हणावयाचे तर तो हा. कसोटीवर घासल्याशिवाय सोने न घेणाऱ्या लोकांना, "मी घासून पाहिले आहे" असे सांगणाऱ्याचा तो वाटा होता.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाचा नारळ फुटला. पुढची अडीच वर्षे आमच्या मते या गोष्टीतील सर्वांत सुंदर भाग आहे, कारण आता कोणी कोणास पटवीत नव्हते, सर्व जण पाहत होते. १८५२ च्या आरंभी भायखळ्याच्या मैदानात रुळ टाकण्याच्या कामासाठी एक इंजिन फिरू लागले. त्यास गव्हर्नराचे 'लॉर्ड फॉकलंड' हे नाव होते. ते पाहावयास लोकांची रीघ लागे. अफवा तर काय वाटेल त्या उठल्या : पुलाखाली मुले पुरतात, इंजिनात भूत कोंडले आहे. आमच्या लहानपणी आळीतल्या वृद्ध आजीबाईंच्या तोंडून यातील काही आम्हीही ऐकल्या आहेत. पण रोज सकाळी तेच भूत धूर सोडीत माती वाहून नेते आणि संध्याकाळी निमूट उभे राहते, हे पाहून पाहून भीतीचा रंग उडाला. नोव्हेंबर १८५२ मध्ये कंपनीची मंडळी व काही निमंत्रित यांना घेऊन ठाण्यापर्यंत चाचणीची गाडी गेली आणि सुखरूप परत आली. उद्घाटन अजून पाच महिने दूर होते. म्हणजे ज्यांच्या शब्दास बाजारात किंमत, ते लोक आधीच बसून आले होते.

शनिवार, १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीन वाजून गेल्यावर बोरीबंदरावरून एकवीस तोफांच्या सलामीत गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि ओढावयास साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. अंतर एकवीस मैल. पाहुण्यांत नाना होते. गंमत अशी की, ज्यांचे नाव पहिल्या इंजिनास दिले ते गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र आदल्या दिवशीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते, आणि सरसेनापती व बिशपसाहेबही तसेच! वर्तमानपत्रांनी त्याबद्दल त्यांस बोल लावला. मोठ्यांतले सर्वच मोठे पटतात असे नाही. त्यांच्यासाठी गाडी थांबली नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सर जमशेटजींनी सबंध गाडी आपल्या कुटुंबासाठी राखून ठेवली आणि मुलाबाळांसह ते ठाण्यास जाऊन आले. आमच्या दृष्टीने आदल्या दिवसाच्या तोफांपेक्षा हा प्रवास महत्त्वाचा. शेटजींनी स्वतः बसणे वेगळे आणि घरच्या बायकामुलांना बसविणे वेगळे. सोमवारपासून गाडी सर्वांस खुली झाली. आणि जे उतारू मिळणार नाहीत असे लंडनच्या संचालकांस वाटले होते, ते अपेक्षेबाहेर लोटले; तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत सोवळे-ओवळे शेजारी बसले. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले, तोवर आगगाडी ही शहराच्या वर्णनातील नेहमीची बाब होऊन गेली होती.

१ मे १८५४ रोजी गाडी कल्याणास पोहोचली, १८५६ मध्ये खोपोलीस. समोर बोरघाट. वरच्या अंगाने खंडाळा-पुणे हा रस्ता १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला घाट तयार नव्हता. मग काय केले? खोपोलीस उतरावयाचे, डोलीत, मेण्यात किंवा गाडीत बसून घाट चढावयाचा, आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसावयाचे. अशी पाच वर्षे गेली. "घाट झाल्याशिवाय पुण्याची गाडी नको" असे कोणी म्हटले नाही. पंधरा मैलांहून अधिक लांबीची, अठराशे फुटांहून अधिक चढण, पंचवीस बोगदे. शेकड्यांनी मजूर रोगराईने व अपघाताने गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही, माणसे नेमून काम पुरे करविले. १८६३ मध्ये घाट उघडला आणि डोलीवाले आपल्या घरी गेले. थळघाट १८६५ च्या जानेवारीत उघडला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नाना निवर्तले. वऱ्हाडचा कापूस आणि १८६७ मध्ये नागपूरची गाडी या गोष्टी त्यांच्या मागाहूनच्या; पण दोन्ही घाट चढलेले त्यांनी पाहिले होते.

आता ते घरगुती निमित्त. आमच्या थोरल्या बंधूंचा दागिने घडविण्याचा लहानसा कारखाना आहे. सात कारागीर, सर्व आपल्याच ज्ञातीचे. मूस, फुंकणी, ऐरण यांवर त्यांची हयात गेली. पुतण्या शिकलेला आहे. संगणकावर नक्षी काढून तिचा मेणाचा साचा आपोआप तयार करणारे यंत्र घ्यावे, असा त्याचा दोन वर्षांचा हट्ट. त्याने दादांपुढे कर्जाच्या रकमेसह सर्व योजना एकदम मांडली, आणि दादांनी ती एकदम नाकारली. घरात अबोला आहे. हॉलमार्क २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हाही असाच अबोला झाला होता, तो पुढे निवळला.

दिवाळीत आम्ही दोघांस समोर बसवून दादांना त्यांच्या शंका कागदावर लिहावयास सांगितले. त्यांनी सहा नव्हे, चार लिहिल्या. ओतकामात सोन्याची घट किती येईल? यंत्र बिघडले तर दुरुस्तीस माणूस कोठून आणावयाचा? घडणावळ उतरली तर कारागिरांच्या मजुरीचे काय? आणि चौथी : "जी नथ माझे हात करतात ती यंत्राने केली, तर ती माझ्या नावाने विकावी काय?" पुतण्याने कागद दोनदा वाचला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने आठवड्यात आणून दिली. तिसऱ्यासाठी तो कारागिरांबरोबर बसला आहे. तूर्त यंत्र घ्यावयाचे नाही, फक्त बुगडीचे बारा साचे बाहेरून करवून आणावयाचे आणि त्यांवरचे जोडकाम व जिलई आपल्याच कारागिरांनी करावयाची, एवढे ठरले आहे. साचे गेल्या आठवड्यात आले. दादांनी त्यांतील एक हातात घेऊन बराच वेळ उजेडात फिरवून पाहिला आणि काही न बोलता ठेवून दिला.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुतण्यापाशी नाही, आमच्यापाशीही नाही. बुगड्यांचे काय झाले ते पुढील वर्षीच्या अंकात कळवू.